खिशात कोणता बार ठेवायचा?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मोठ्या मेडिकल स्टोअरमध्ये किंवा जिमच्या काउंटरवर आता आठ-दहा तऱ्हेचे एनर्जी बार आणि प्रोटीन बार मांडलेले असतात. "यातला चांगला कोणता?" असं कोणी विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: खाणार कधी? पळायच्या आधी, सायकल चालवता चालवता, की घरी परतल्यावर? या तिन्ही वेळी शरीराची मागणी वेगळी असते. घरी परतल्यावर उत्तम ठरणारा बार सायकलवर खाल्ला तर पोट धरून बसायची वेळ येते. बारबद्दलच्या बहुतेक तक्रारी मी ऐकतो त्या अशा चुकलेल्या वेळेच्याच असतात.

आधी एक स्पष्ट सांगतो. तासाभराच्या आतल्या व्यायामाला बार लागतच नाही. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, शरीरात साठलेलं असतं. रात्री वरण-भात, पोळी-भाजी नीट जेवलेल्या माणसाला उरवाई दरवाज्याने किल्ल्यावर चढून खाली यायला किंवा जिममध्ये पाऊण तास वजनं उचलायला हा साठा पुरून उरतो. त्यावर २००-२५० कॅलरींचा बार खाल्ला, तर चढताना जे खर्च झालं ते बहुतेक सगळं परत भरून निघतं. वजन उतरवायला म्हणून चालणाऱ्या-पळणाऱ्यांनी बारच्या फंदात पडूच नये.

खरी गरज सुरू होते ती दीड-दोन तासांपुढे. लष्करातून तिघरा धरणापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात, आणि मध्यम वेगाच्या सायकलस्वाराला दोन ते अडीच तास लागतात. अशा व्यायामात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. तीन तासांपुढच्या जोरकस व्यायामात हा आकडा तासाला ९० ग्रॅमपर्यंत नेता येतो, पण त्याला एक अट आहे. आतड्यातून ग्लुकोज आत घेणारी वाट तासाला साधारण ६० ग्रॅमवर भरते. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्यामुळे दोन्ही मिळून खाल्लं तरच जास्त साखर रक्तात उतरते. गूळ, साखर आणि खजूर या तिन्हींत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ निम्मं-निम्मं असतं, त्यामुळे आपल्या नेहमीच्या जिनसा इथे उत्तम चालतात.

म्हणून व्यायाम चालू असताना खायचा बार निवडताना पाकिटावर चारच आकडे बघा. एका बारमध्ये कर्बोदकं २५ ते ४० ग्रॅम हवीत. स्निग्ध पदार्थ ५ ग्रॅमच्या आत, तंतू (फायबर) ३-४ ग्रॅमच्या आत, प्रथिनं ५ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. स्निग्ध पदार्थ, तंतू आणि प्रथिनं तिन्ही जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. व्यायामात रक्त पायांकडे वळलेलं असतं, पचनाच्या वाट्याला कमी येतं. तशात बदाम-काजूंनी भरलेला, १२ ग्रॅम स्निग्धांशाचा बार खाल्ला की तो तासभर जठरातच बसतो. वर मळमळ होते आणि खाली पायांना काहीच पोचत नाही. पाकिटावरचं सुकामेव्याचं चित्र बघून घेतलेल्या बारचा हाच त्रास असतो.

साखरेबद्दलही इथे संकोच नको. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी हा बार मिठाईच आहे, त्याने तो मिठाईसारखाच मोजून खावा. पण तिसाव्या किलोमीटरवर चढ चढणाऱ्या पायांना तीच साखर हवी असते. तिथे "साखर नाही" असं मिरवणारा बार घेऊन जाण्यात काहीच हशील नाही.

खायची पद्धतही महत्त्वाची. दम लागलेला असताना चाळीस ग्रॅमचा चिवट तुकडा चावून गिळणं कठीण जातं, श्वास अडकतो. बार घरीच चार तुकड्यांत कापा, प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये सैलसर गुंडाळा आणि जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा. पहिला तुकडा निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासाने, पुढचे दर पंधरा-वीस मिनिटांनी. भूक लागायची वाट बघू नका, हातपाय गळाल्यावर खाल्लेलं कामाला यायला वेळ लागतो. अख्ख्या बारमागे किमान २०० मिली साधं पाणी प्या. बाटलीत आधीच गोड स्पोर्ट्स ड्रिंक असेल तर तिच्यातली साखरही हिशेबात धरा. दोन्ही एकदम गेलं की आतड्यात साखरेचं प्रमाण फार वाढतं, बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि पोटात कळा येतात.

आता गजकबद्दल, कारण ग्वाल्हेरात हा प्रश्न येणारच. मुरैना इथून हाकेच्या अंतरावर, तिथल्या गजकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मेळ्यातून आणलेला गजकचा डबा थंडीत प्रत्येक घरात असतो. तीळ आणि गूळ म्हणजे ताकदच, मग वेगळा बार कशाला? गजक मलाही मनापासून आवडते, पण हिशेब करून बघू. तिळात निम्मं तेल असतं. तीळ आणि गूळ समसमान धरले तर ५० ग्रॅम गजकमध्ये साधारण २७ ग्रॅम कर्बोदकं येतात आणि १२ ग्रॅमच्या वर स्निग्ध पदार्थ. कर्बोदकं पुरेशी आहेत, पण स्निग्धांश वर सांगितलेल्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. शिवाय कुटून कुटून पदर सुटलेली खस्ता गजक तोंडात विरघळण्याआधी तिचा भुगा होतो आणि जोराने श्वास घेताना तो घशात जातो. शेंगदाण्याच्या चिक्कीचं गणितही असंच, शेंगदाण्यातही निम्म्याच्या जवळपास तेल असतं. त्यामुळे हे दोन्ही पदार्थ निघण्याआधी तीन तास, किंवा दिवसभराच्या निवांत डोंगर-भटकंतीत बसून खायला ठेवा. संथ चालीत स्निग्ध पदार्थ पचायला वेळ मिळतो, आणि थंडीत ते हवेसेही वाटतात.

व्यायाम चालू असताना खायला आपल्याकडची खरी चीज आहे राजगिऱ्याची चिक्की किंवा वडी. समसमान राजगिरा लाह्या आणि गूळ धरले तर ५० ग्रॅमला ३८-३९ ग्रॅम कर्बोदकं आणि जेमतेम २ ग्रॅम स्निग्ध पदार्थ. हलकी, लवकर पचणारी, एकादशी-चतुर्थीलाही चालणारी. विकत घेताना मात्र वर शेंगदाणे-काजू दाबलेली नको, साधी घ्या. बोटाने दाबून बघा: लाह्या कुरकुरीत असून कडा चुरत नसतील तर पाक बरोबर आहे. लाडू खिशात फुटतो म्हणून वडीच बरी.

घरी बार करायचा असेल तर दाल बाजारातून जिन्नस आणून तासाभरात होतो. हे दहा बारचं माप आहे: बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, जाड ओट्स १०० ग्रॅम, कुरमुरे ३० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे ४० ग्रॅम, चिरलेला गूळ ४० ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा म्हणजे ३ ग्रॅम. हवी तर वेलची किंवा सुंठ. वजनकाटा वापराच, वाटीच्या मापाने खजुराचा अंदाज हमखास चुकतो.

ओट्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सहा-आठ मिनिटं, खमंग वास सुटेपर्यंत भाजा. कच्चे राहिले तर बार दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतो. कुरमुरे वेगळे, दोन-तीन मिनिटं, चुटकीत मोडतील इतपत. शेंगदाणे भरड कुटा, कूट करू नका, तेल सुटतं. खजूर मऊ असेल तर तसाच मिक्सरमधून फिरवा. कडक असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा आणि मग मुठीत घट्ट पिळा. हे पिळणं चुकवायचं नाही. आत राहिलेलं पाणी बार मऊ करतंच, शिवाय तीन-चार दिवसांत बुरशी आणतं. काळा ओलसर खजूर असेल तर भिजवायची गरजच नाही.

गुळात एक मोठा चमचा पाणी घालून मंद आचेवर विरघळवा, सगळीकडून बुडबुडे आले की अर्ध्या मिनिटाने गॅस बंद. इथे चिक्कीसारखा पक्का पाक करायचा नाही, चिक्कीचा खास गूळही नको, साधा मऊ गूळ घ्या. पाक पुढे गेला तर जानेवारीच्या पहाटे तो बार दातांनी तुटत नाही. गरम गुळात खजूर आणि मीठ घालून लाकडी डावाने एकजीव करा, मग ओट्स, शेंगदाणे, आणि मिश्रण हाताला सोसेल इतकं निवल्यावर सगळ्यात शेवटी कुरमुरे. गरम मिश्रणात घातले की कुरमुरे वाफ पिऊन चामट होतात. अठरा सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात बटर पेपर लावून मिश्रण पसरा आणि सपाट बुडाच्या वाटीने, कोपऱ्यांतसुद्धा, सगळा जोर लावून दाबा. बार चुरतात ते नव्वद टक्के वेळा दाबणं कमी पडल्यामुळे. तासभर फ्रिजमध्ये ठेवून धारदार सुरीने दहा तुकडे करा.

एक बार साधारण ४० ग्रॅमचा होतो. त्यात २६ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, जेमतेम ३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ३ ग्रॅम प्रथिनं, ३ ग्रॅम तंतू आणि सुमारे १२० मिलिग्रॅम सोडियम; कॅलरी १४५ ते १५०. तिघऱ्याच्या फेरीला असे तीन बार पुरे. थंडीत हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतात. होळीनंतर फ्रिजमध्येच ठेवा.

सोडियमचा आकडा वाचून मीठ भागलं असं समजू नका. एक लिटर घामातून साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे निघालेला असताना, सकाळच्या दोन तासांतही ही भरपाई कुठल्याच बारने होत नाही. त्यासाठी बाटलीत ओआरएस किंवा मीठ घातलेलं लिंबूपाणी हवं.

व्यायामाआधीच्या बारबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तीन तास हातात असतील तर पोहे, उपमा, पोळी खा, बार कशाला? तासभरच असेल तर ३० ते ४० ग्रॅम कर्बोदकांचा, कमी तंतूंचा बार. पहाटे साडेपाचला उठून सहाला पळणाऱ्यांना दीड तासाहून जास्त पळायचं असेल तर निघताना अर्धा बार आणि पाणी. काही जणांना पळण्याच्या पाऊण तास आधी गोड खाल्लं की सुरुवातीलाच गरगरतं, कारण इन्शुलिन वर आणि त्याच वेळी स्नायूही साखर ओढायला लागलेले. अशांनी एक तर तासाहून जास्त आधी खावं, नाही तर अगदी निघताना. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल तर हे सगळे आकडे आपल्या डॉक्टरांसमोर ठेवून बदलून घ्या.

व्यायामानंतरच्या बारवर सगळ्यात जास्त पैसा जातो आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथेच होते. स्नायूंच्या दुरुस्तीला एका वेळी शरीराच्या किलोमागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला १५ ते १८ ग्रॅम, ७० किलोच्या माणसाला १८ ते २१. पाकिटावर मोठ्या अक्षरांत "प्रोटीन" आणि मागे बारीक अक्षरांत ६ ग्रॅम, असा बार या कामाचा नाही. सोपी परीक्षा अशी: प्रथिनांच्या ग्रॅमना ४ ने गुणा आणि एकूण कॅलरींशी ताडून बघा. २०० कॅलरींच्या बारमध्ये १० ग्रॅम प्रथिनं म्हणजे ४० कॅलरी, पाचवा हिस्सा. खरा प्रोटीन बार तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असायला हवा.

मग घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणून पहिली तीन नावं म्हणजेच बार. व्हे, दुधाचं प्रथिन, सोया आयसोलेट ही नावं वर असतील तर बरं. कोलेजन किंवा जिलेटिन वर असेल तर प्रथिनांचा आकडा फुगलेला आहे, कारण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, स्नायू बांधायला ते एकटं पुरत नाही. शाकाहारी घरांनी हिरव्या ठिपक्याकडेही लक्ष द्यावं, कारण ही दोन्ही प्राणिज आहेत.

"नो ॲडेड शुगर" लिहिलेल्या बारमध्ये गोडी येते कुठून, तेही यादीतच कळतं. माल्टिटॉल किंवा आयएनएस ९६५, सॉर्बिटॉल किंवा आयएनएस ४२०, चिकोरीच्या मुळाचा तंतू म्हणजे इन्युलिन. हे लहान आतड्यात नीट शोषलं जात नाही. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर वायू तयार करतात आणि पाणीही ओढलं जातं. घरी बसून एक बार खाल्ला तर बहुतेकांना चालून जातो. पळण्याआधी तासभर तोच खाल्ला तर पोटात गुडगुड, आणि मग जवळचं शौचालय शोधणं आलं. एका बारमध्ये १० ग्रॅमहून जास्त पॉलिऑल (माल्टिटॉल-सॉर्बिटॉलसारख्या गोडव्यांचं एकत्रित नाव) दिसलं की तो व्यायामाच्या दिवशी दुपारच्या आत खाऊ नका, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ त्रास वाचतो.

आणि घर अर्ध्या तासावर असेल तर नंतरच्या बारची गरज तपासून बघा. अर्ध्या तासातच प्रथिनं गेली पाहिजेत असा काही काटेकोर नियम नाही, दिवसभराची बेरीज जास्त महत्त्वाची. एक पेला, म्हणजे २५० मिली, दुधात ८ ग्रॅम प्रथिनं, दोन अंड्यांत १२ ग्रॅम, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम फुटाण्यांत १० ग्रॅम आणि वर जवळजवळ ३० ग्रॅम कर्बोदकं. फुटाणे, दूध आणि एक केळं याहून चांगला रिकव्हरी बार मला तरी माहीत नाही, आणि खर्च बारच्या निम्म्याहूनही कमी.

घाई खरी कोणाला? ज्यांना त्याच दिवशी पुन्हा उतरायचं आहे त्यांना. १९५७ पासून इथे असलेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी सकाळ-संध्याकाळ मैदानावर असणारी मुलंमुली घ्या. दोन सरावांत आठ तासांहून कमी अंतर असेल तर पहिले चार तास दर तासाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं भरावी लागतात. ६० किलोला तासाला ६० ते ७२ ग्रॅम. इथे नुसता प्रोटीन बार चघळणं चूक आहे. घरचा एक बार, एक केळं, पेलाभर गोड दूध असं सराव संपल्याबरोबर, मग तासाभरात भाताचं जेवण.

विकत घेताना एक्सपायरीपेक्षा पॅकिंगची तारीख आधी बघा. प्रोटीन बार जुना होत जातो तसं त्यातलं प्रथिन पाकातलं पाणी स्वतःकडे ओढत राहतं आणि बार कडक होतो. उष्णतेत हे लवकर होतं, आणि आपल्याकडे मे-जूनमध्ये दुकानाच्या मागच्या खोलीत काय तापमान असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिलनंतर शक्यतो दोन-तीन महिन्यांच्या आत बनलेलाच माल घ्या, एसी असलेल्या दुकानातून, आणि नवीन प्रकार असेल तर सहाचा डबा न घेता एकच. पाकीट न फोडता दोन बोटांनी हलकेच वाकवून बघा, वाकला तर ताजा. चॉकलेटवर पांढुरकी झाक दिसली तर तो एकदा वितळून परत गोठलेला आहे. खायला हरकत नाही, पण त्याने उन्हाळा सोसलाय हे समजा. चॉकलेट तिशीच्या वर पाघळायला लागतं, म्हणून मार्च ते ऑक्टोबर खिशात चॉकलेटचा बार ठेवूच नका. जानेवारीत उलटा प्रश्न: पाच-सहा अंशांत खजुराचा बार दगड होतो, तो जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. आणि फोडल्यावर शेंगदाण्या-बदामाला जुन्या तेलासारखा खवट वास आला तर तारीख काहीही असो, तसाच पाकिटात घालून दुकानदाराला परत करा.